यंत्र क्रमांक सहा

काडेपेटीएवढं यंत्र.
जमिनीपासून एकशे दहा सेंटिमीटर वर,
उन्हापासून, पंख्यापासून, देवापुढच्या मेणबत्तीपासून लांब,
दुतर्फी टेपने चिकटवायचं
आणि विसरून जायचं.
दर पंधरा मिनिटांनी ते एक आकडा गिळतं.
वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.

मडगावात, गोगळच्या हाउसिंग बोर्डात,
चौथ्या मजल्यावर, स्लॅबच्या थेट खाली
सांतान बार्रेतुच्या हॉलमध्ये सहा नंबर लावला.
स्टूल त्यानेच धरलं.
"हें कितें मेजता?"
म्हटलं, तुम्हाला घरात किती बरं वाटतं ते.
तो हसला नाही. स्टूल उचलून आत ठेवून आला.

महिन्याला एक कागद भरायचा:
उणे तीन म्हणजे हुडहुडी, अधिक तीन म्हणजे भट्टी,
मध्ये शून्य, ना थंड ना गरम.
सांतान दर खेपेला शून्यावर गोल करायचा.
एप्रिलात रात्री नऊला तेहतीस पूर्णांक चार,
दिवसभर उचललेलं ऊन भिंती
आता व्याजासकट परत करत होत्या,
मानेवर ओला टॉवेल, पेन घामाने निसटतंय,
आणि शून्य.
"बोटीच्या इंजिनखोलीत एकतीस वर्षं काढली रे.
तिथे पंचेचाळीस. पाण्यात मीठ घालून प्यायचो.
हांगा बरें आसा."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला शिकवलेलं नाही.
तसं फोंड्याच्या शिवणवर्गाचंही:
चौदा मशिनी, पंखे बंद,
कारण वाऱ्याने अस्तराचं कापड उडतं.
आणि पणजीतल्या त्या कचेरीत
ऐन मे महिन्यात एक बाई शाल पांघरून शिक्के मारते,
एसीचा रिमोट साहेबांच्या ड्रॉवरात.

सप्टेंबरात सहा नंबर उतरवून घेतला संगणकावर.
चौदा जुलैपर्यंत रेघ नीट चढते-उतरते,
मग एकदम सपाट:
तेहतीस, तेहतीस पूर्णांक दोन, तेहतीस.
बाहेर स्लॅब गळतोय, सगळं मडगाव सत्तावीसवर,
आणि हा हॉल दिवसरात्र तेहतीस.
रोज सकाळी सहाला मात्र अर्ध्या तासाची खोच.
वाटलं, सेन्सर मेला.

बदलायला गेलो तर भिंतीवर टेपचे दोन चौकोन, बस्स.
सांतानने सदऱ्याच्या खिशात हात घातला.
यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं,
ऊबदार, नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखं.
"महिनाभर भिंतीलाच विचारत होतास.
घरात मी राहतो."
रात्री? उशीखाली.
सकाळी सहाला? आंघोळ.

पद्धतीनुसार अकराशे चार तास बाद.
अवैध असा शेरा मारून मी ते वेगळ्या फाइलीत टाकले,
आणि घरी येऊन, का कोण जाणे, पुन्हा उघडले.
नऊ ऑगस्ट, पहाटे दोन चाळीस ते चार.
सव्वीस.
आंघोळीची वेळ नव्हे ती.
यंत्र कुठेतरी ठेवून माणूस उठून गेला होता,
बाल्कनीत, किंवा दुसऱ्या खोलीत,
जिथे मी काहीच लावलेलं नव्हतं.
ऑगस्टचा कागद काढून पाहिला.
त्या एकाच महिन्यात शून्याला गोल नाही.
उणे एक. थोडं थंड.
कपडे या रकान्यात: सदरा, चादर.

विचारलं नाही.
नवीन टेप कापली. अंतर पुन्हा मोजलं,
एकशे दहा.
सांतानने स्टूल धरलं आणि खालून विचारलं,
"तुझ्या घरात किती येतं?"
म्हटलं, माझ्याकडे यंत्र नाही लावलेलं.
"अशें," तो म्हणाला,
आणि मी उतरेपर्यंत स्टूल सोडलं नाही.